पाच वर्षांपुढचा नर कुत्रा आणि तर्जनीची तपासणी

प्रोस्टेट ही नर कुत्र्याची एकमेव मोठी सहायक जननग्रंथी होय. बैलाला आणि माणसाला वीर्याशयासारख्या आणखी ग्रंथी असतात. कुत्र्याला त्या नाहीत. मूत्राशयाच्या मानेशी, मूत्रनलिकेला कड्यासारखा वेढा घालून ही ग्रंथी बसलेली असते आणि तिच्या डोक्यावर गुदाशय असतो. तिच्या आजारांची लक्षणे या शेजारावरूनच उलगडतात. माणसात वाढलेली प्रोस्टेट मूत्रमार्ग आवळते आणि लघवी अडते. कुत्र्यात ती बाहेरच्या अंगाने वाढते, गुदाशयावर रेटते आणि आधी शौच अडते. कुत्रा वारंवार कुंथतो, विष्ठा इजारीच्या नाडीसारखी चपटी पडते, लघवीची वेळ नसतानाही शिश्नाच्या टोकाशी रक्ताचे थेंब दिसतात.



या ग्रंथीचा सर्वांत मोठा विकार म्हणजे वयानुसार होणारी साधी वाढ. वृषणातील टेस्टोस्टेरॉनपासून ग्रंथीत डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार होते आणि त्याच्या चेतावणीने पेशी वाढत राहतात. सुरुवात अडीच-तीन वर्षांच्या वयातच होऊ शकते. पाच वर्षांपुढच्या, खच्ची न केलेल्या कुत्र्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांत ती आढळते. बहुतेकांना त्रास होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्या बाबतीत निदानाचे पहिले साधन डॉक्टरच्या स्वतःच्या हाताला असते, आणि तेच वापरातून गेले आहे.

गुदमार्गातून तर्जनीने केलेली तपासणी दोन मिनिटांची असते. मुसके बांधावे, रबरी हातमोज्यावर भरपूर व्हॅसलीन लावावे आणि दुसऱ्या हाताने पोट खालून मागे व वर उचलावे, कारण जड झालेली ग्रंथी पोटाच्या बाजूला उतरलेली असते. निरोगी प्रोस्टेट दोन सारख्या पाळ्यांची, गुळगुळीत, मधे खाच असलेली आणि न दुखणारी लागते. साध्या वाढीत ती मोठी होते, पण दोन्ही बाजू सारख्या राहतात आणि कुत्रा ओरडत नाही. जंतुसंसर्गात बोट लागताच तो कळवळतो. कर्करोगात ती कठीण, गाठाळ, एका अंगाला झुकलेली आणि जागच्या जागी घट्ट चिकटलेली लागते. फार मोठ्या जातीच्या कुत्र्यात बोट पोहोचत नाही. तेथे सोनोग्राफी हवीच. पण कोणत्या कुत्र्याला सोनोग्राफीसाठी बेळगावला किंवा कोल्हापूरला पाठवायचे, हे ठरवायलाही आधी बोटच लागते.

निपाणी-बेळगाव सीमाभागातला पशुवैद्यक रोज सकाळी गाभण तपासणीसाठी म्हशीच्या गुदाशयात खांद्यापर्यंत हात घालतो आणि त्यात त्याला काडीचा संकोच वाटत नाही. तोच संध्याकाळी दवाखान्यात कुत्र्यासाठी एक बोट घालत नाही. कारणे सांगितली जातात: कुत्रा चावतो, मालकाला बरे वाटत नाही, रक्त तपासले की कळतेच. यातले एकही कारण तपासणीच्या टेबलावर टिकत नाही.

प्रस्तुत वक्त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतील एक नोंद येथे पुरेशी आहे. निपाणीजवळच्या तंबाखूच्या वखारीवर राखण करणारा सात वर्षांचा मुधोळ जातीचा कुत्रा तीन आठवड्यांत तीनदा आला. पहिल्यांदा बद्धकोष्ठ समजून एरंडेल दिले, दुसऱ्यांदा एनिमा. तिसऱ्यांदा लघवीत रक्त होते. मालक म्हणाला, "उन्हाळी लागलीय त्याला," आणि औषधही त्यावरचेच दिले गेले. चौथ्यांदा कुत्रा पोत्यावर घालून आणावा लागला. प्रोस्टेटमधले गळू पोटात फुटले होते. तिन्ही वेळा बोट घातले गेले नव्हते आणि ती चूक सर्वस्वी वक्त्याचीच होती. त्या दिवसापासून पाच वर्षांपुढचा एकही नर कुत्रा, लसीसाठी आलेला असला तरी, या तपासणीशिवाय टेबलावरून उतरलेला नाही.

वाढलेल्या ग्रंथीत जंतूंना जागा मिळते. सर्वाधिक वेळा ई. कोलाय. तीव्र संसर्गात ताप, वाकलेली पाठ आणि आखडलेली चाल दिसते. जुनाट संसर्गात अनेकदा काहीच दिसत नाही, फक्त लघवीचा संसर्ग पुन्हापुन्हा उलटतो. रक्त आणि ग्रंथी यांच्यामधला अडसर बरीच प्रतिजैविके ओलांडत नाहीत, म्हणून एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिमसारखी मेदात विरघळणारी औषधे चार ते सहा आठवडे द्यावी लागतात. पाच दिवसांचा कोर्स निरुपयोगी. जनावरांच्या गोठ्यात वावरणाऱ्या, वार खाणाऱ्या कुत्र्यात ब्रुसेलाची शंका ठेवावी आणि हातमोजे विसरू नयेत.

खच्ची करावे की गोळ्या द्याव्यात, हा वाद पशुवैद्यकांच्या प्रत्येक बैठकीत होतो. शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी कुत्र्यांच्या प्रोस्टेटवर केलेल्या कामातून वृषण काढल्यावर ग्रंथी आकसते हे मोजून दाखवले गेले. हार्मोनवरील कामासाठी १९६६ चे नोबेल त्यांना मिळाले. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच ग्रंथी निम्म्यावर येते. फिनास्टराइडनेही ती आकसते, पण गोळी बंद होताच पुन्हा वाढते, आणि घरातल्या गरोदर बाईने फोडलेल्या गोळीला हात लावू नये. सीमाभागात खिल्लार खोंडाला चिमटा लावताना कोणी दोनदा विचार करत नाही, कुत्र्याला मात्र खंडोबाचे जनावर म्हणून हात लावू देत नाहीत. मंगसुळीच्या वाटेवरच्या एका धनगराने असाच नकार दिला होता. लांडग्यापुढे कुत्र्याची रग राहणार नाही, अशी त्याची भीती. फिरत्या वाड्यावर रोजची गोळी शक्य नव्हती, शेवटी तो तयार झाला. पुढच्या पावसाळ्यात तोच कुत्रा मेंढरांच्या कडेने पूर्वीसारखा फिरताना दिसला. वक्त्यापुरता वाद तेथेच मिटला.

यात एक मोठा अपवाद आहे. कर्करोग विरळ असला तरी खच्ची केल्याने तो टळत नाही. उलट खच्ची केलेल्या कुत्र्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. अशा कुत्र्याची ग्रंथी सुपारीएवढी लहान असायला हवी. ती मोठी किंवा कठीण लागली, तर दुसरे सिद्ध होईपर्यंत कर्करोगच धरावा. तो कमरेच्या मणक्यांत आणि फुप्फुसात पसरतो, आणि मागचे पाय ओढणारा म्हातारा कुत्रा संधिवाताच्या गोळ्या खात राहतो.

बाकीचे विकार थोडक्यात. ग्रंथीलगतचे सिस्ट मूत्राशयाएवढे मोठे होऊ शकतात आणि शस्त्रक्रियेशिवाय जात नाहीत. वृषणातल्या सर्टोली पेशींच्या गाठीतून इस्ट्रोजेन स्रवले तर ग्रंथीच्या पेशींचे रूपच बदलते. बोक्यात प्रोस्टेटचे आजार दुर्मिळ. त्याची लघवी अडते ती मूत्रनलिकेतल्या खड्यांनी व चिकट बुचांनी, आणि ती तातडीची बाब असते. फेरेटमध्ये अधिवृक्क ग्रंथीच्या रोगामुळे प्रोस्टेट वाढते.

सीमेच्या दोन्ही बाजूंच्या दवाखान्यांनी मिळून एक सामाईक नोंदवही ठेवावी, असा प्रस्ताव आहे. ती मराठीत असावी की कन्नडात आणि कोणी सांभाळावी, हे पुढच्या बैठकीत ठरवता येईल. तूर्त चार रकाने पुरेत: कुत्र्याचे वय, खच्ची आहे की नाही, विष्ठेचा आकार, आणि बोटाला काय लागले.