कोयत्यामागची आजी

दिवाळी आटोपली की धारूर, वडवणी, आष्टी, पाथर्डी या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेले नवरा-बायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने ते फडावर राहतात आणि मागे राहिलेली पोरे आजी सांभाळते. ती नसली तर काय होते, ते फडावरच दिसते. पोर कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, राहते, धाकट्या भावंडाला कडेवर घेते, उसाचे वाढे गोळा करते, आणि शाळेच्या पटावर त्याचे नाव तेवढे उरते. म्हणजे कोयत्याला मजुरी दोघांची मिळते. पण ज्या तिसरीमुळे दोघांना घर सोडता येते, तिचा हिशेब कुणाच्याच वहीत नाही.

यावर म्हटले जाते की, नातवंडे हे तर म्हातारपणाचे सुख. मायेला मोल कसले? सुख आहेच. घर भरलेले राहते, सुनेला आजीची किंमत कळते, झोपताना कुशीत कुणीतरी असते. नातवंडे अधूनमधून सांभाळणारे आजी-आजोबा ती न सांभाळणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात, असे बर्लिनमधल्या सत्तरीपुढच्या पाचशेहून अधिक माणसांच्या पाहणीत आढळले. ती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. पण मुलांचा संपूर्ण भार असलेले आजी-आजोबा त्या पाहणीत धरलेच नव्हते, आणि आपली ऊसतोड मजुरांच्या घरातली आजी नेमकी त्यांच्यातली. तापलेल्या पोराला घेऊन दवाखाना तिनेच गाठायचा, शाळेत सही-अंगठाही तिचाच, आणि वयात आलेल्या नातीची राखणही तिच्याच गळ्यात. ही राखण सर्वांत जड. पोरीला एकट्या म्हातारीच्या भरवशावर ठेवण्यापेक्षा लग्न उरकलेले बरे, हा विचार तिथूनच सुरू होतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचे प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के, तर ऊसतोड मजुरांच्या बीड जिल्ह्यात 43 टक्क्यांच्या वर होते. अशा लग्नांमुळेच चाळिशीतही आजी होता येते. श्रावणबाळ योजनेचे महिना 1500 रुपये मात्र पासष्टीनंतर. तोवर ही आजी सरकारच्या लेखी म्हातारीही नसते.

हंगामी वसतिगृहे आहेत की, असेही कुणी म्हणेल. आहेत, आणि ती हवीतच. पण ती शाळकरी मुलांसाठी. दोन-तीन वर्षांचे पोर तिथे कोण ठेवणार? शिवाय वसतिगृहातले मूल आजारी पडले की निरोप आजीलाच जातो. आजीला या कामाचे पैसे दिले की माया आटते, ही भीतीही मला पटत नाही. अंगणवाडीताईला मानधन मिळते म्हणून तिची मुलांवरची माया कमी झाल्याचे कुणी म्हणत नाही.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे 10 रुपये द्यावेत, असे ठरलेले आहे. त्यातून हंगामापुरता भत्ता आजीच्या खात्यावर जमा करणे अवघड नाही. टोळ्या निघण्याआधीच्या ग्रामसभेत कोणती आजी किती पोरे सांभाळणार आहे, याची यादी करा आणि ती महामंडळाकडे पाठवा.