गोषातल्या बायकांची वकील



मी कवी माणूस. कोर्टाच्या आवारात गेलो तो दोन-तीनदाच, प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारून घेण्यापुरता. तरीही आज मी तुमच्याशी एका वकील बाईंविषयी बोलणार आहे. त्याला कारण माझी नानी.

नानीचं सासर देऊळगाव राजाजवळच्या एका खेड्यात. नाना गेले तेव्हा ती पंचविशीतली होती आणि पदरात माझी अम्मी आणि मामू. विहिरीखालचं साडेतीन एकर रान हाच काय तो आधार. १९५०च्या आसपासची ही गोष्ट. घर गोषाचं, नानी बाहेर पडायची ती दमणीला पडदा बांधून. एक दिवस घरातल्याच एका जाणत्या माणसाने सांगितलं, विहिरीच्या बांधकामाला कर्ज काढायचंय, अंगठा लागेल. कागद घेऊन माणसं घरी आली. मधल्या दाराला चादर लावली. चादरीखालून नानीचा हात बाहेर आला, अंगठ्याला शाई लागली, हात आत गेला. पुढच्या मृगाला शेतात दुसऱ्याचं औत उभं राहिलं तेव्हा कळलं, की ते कर्जाचं नव्हे, खरेदीखत होतं.

वकील केला नाही का, असं तुम्ही विचाराल. केला ना. नानीचा भाऊ तालुक्याला गेला. वकीलसाहेबांनी भावाला प्रश्न विचारले, भावाने त्याला ठाऊक होतं ते सांगितलं. कोण काय म्हणालं, कागद वाचला की नाही, हे फक्त नानीला ठाऊक होतं, आणि ते तिच्याकडेच राहिलं. प्रकरण पुढे गेलंच नाही. म्हातारपणी ती एवढंच म्हणायची, "सब बोले, मेरेकू किसीने पूछाच नै."

कायदा खरं तर नानीच्या बाजूने होता. गोषातल्या बाईने केलेला दस्त तिला नीट समजावून सांगितला होता, तो तिने समजून-उमजून केला, हे त्या दस्ताचा फायदा ज्याला झाला त्यानेच सिद्ध करायचं, असं प्रिव्ही कौन्सिलने इंग्रजी अमदानीतच ठरवलेलं होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १३२व्या कलमाने अशा बाईला कोर्टात जातीने हजर राहण्यातून सूटही आहे. सवलत होती, संरक्षण होतं. चादरीच्या आत जाऊन बसेल आणि ऐकून घेईल, असा वकील तेवढा नव्हता.

आता आपल्या बुलढाण्याकडे वळू. बी.ए.ला असताना सरांनी ताराबाई शिंदे यांच्याविषयी सांगितलं होतं. वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकुनीत. ताराबाईंचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली छापून आलं, ते एका खटल्यामुळे. विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येबद्दल सुरतच्या कोर्टाने फाशी सुनावली होती. पुढे ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली. त्या कोर्टात न्यायाधीश पुरुष, वकील पुरुष, कारकून पुरुष, बातमी लिहिणाराही पुरुष. बुलढाण्यात बसून ताराबाईंना जे बोलायचं होतं ते त्यांनी पुस्तकात बोलून घेतलं. कोर्टात उभं राहण्याचा रस्ता त्या काळी कुठल्याच बाईला नव्हता.

तो रस्ता पाडायला निघाल्या त्या आपल्या नाशिकच्या. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म १५ नोव्हेंबर १८६६. वडील पारशी, ख्रिस्ती झालेले, धर्मोपदेशक. म्हणजे अल्पसंख्याकांतल्याही अल्पसंख्याक घरात जन्म. पारशांना हे घर परकं, इंग्रजांना तर परकंच. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढल्या. या आईकडे एकदा एक श्रीमंत गुजराती विधवा मदतीला आली. विश्वासातल्या कारभाऱ्याने सही घेऊन तिची मालमत्ता आपल्या नावावर करून घेतली होती. 'इंडिया कॉलिंग' या १९३४च्या आत्मचरित्रात कॉर्नेलियांनी ही हकिगत सांगितली आहे. आपण वकील व्हायचं, हे लहानपणी मनात घेतलं ते त्या बाईला पाहून. मी ते पान वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. पुढचं वाचायला दोन दिवस लागले.

डेक्कन कॉलेजातून त्या पहिल्या आल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या. पहिल्या येणाऱ्याला विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, ती बाई म्हणून नाकारली गेली. मग इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी जमवली. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं नाव आहे. १८८९ला ऑक्सफर्ड, १८९२ला तिथली कायद्याची परीक्षा. परीक्षा पास, पदवी मात्र नाही. बायकांना पदवी द्यायची पद्धतच नव्हती. ती त्यांच्या हाती पडली १९२२ साली. तीस वर्षं! आमच्याकडे विद्यापीठाचा निकाल दोन महिने लांबला की आपण मोर्चा काढतो.

परत आल्यावर मुंबईची एल.एल.बी. झाली, अलाहाबादची वकिलीची परीक्षाही झाली, पण सनद मिळेना. आपल्या संस्थानिकांच्या दरबारात मात्र उभं राहता येई. तिथली एक हकिगत त्यांनी मोठ्या मजेने लिहिली आहे. अशील होता एक हत्ती. त्याला तोडून दिलेली केळीची बाग त्याच्याकडून काढून घेतली होती. राजेसाहेब झोपाळ्यावर बसलेले, आणि निकाल हत्तीच्या बाजूने लागला तो राजेसाहेबांच्या कुत्र्याला वकील बाई आवडल्या म्हणून. जिंकूनही त्या खिन्न झाल्या, हे मला फार आवडलं.

खरं काम सुरू झालं १९०४ पासून. जमीनदार वारला, मागे विधवा नाहीतर अज्ञान मूल राहिलं, की सरकारचं 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स' त्या जमिनीचा कारभार बघायचं. साहेब लोक कागद बघायचे. ज्या बाईची जमीन ती जनान्यात. तिच्यापर्यंत जायला बाईच हवी, असा धोशा कॉर्नेलियांनी सरकारकडे लावला होता. अखेर बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली, पुढे बिहार, ओरिसा, आसामही त्यांच्याकडे आले. रेल्वेने, होडीने, पालखीने त्या हिंडल्या. जनान्यात जाऊन बसायच्या, राणीचं, बेगमेचं, सवतीसवतींचं सगळं ऐकून घ्यायच्या. पोटगी ठरवायची, मुलाची शाळा बघायची, दिवाणजीचा हिशोब तपासायचा. वीस वर्षांत सुमारे ६०० बायका-मुलांची कामं त्यांनी केली असं सांगतात. या कामाला वकिली म्हणावं की समाजसेवा, मला ठरवता येत नाही.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. कॅथरिन मेयोच्या 'मदर इंडिया' पुस्तकाची त्यांनी बाजू घेतली आणि आपल्याच माणसांना तोडून बसल्या. इंग्रजांच्या राज्यातच बाईचं भलं आहे असं त्यांना वाटे. आपल्याकडे त्यांचं नाव मागे पडलं त्याला हेही कारण असावं. पण पडद्यामागे जाऊन बसायची अक्कल त्या काळात दुसऱ्या कुणाला सुचली नव्हती, हेही खरं आहे.

सनदेचं मात्र रडगाणं चालूच होतं. १९१६ला कलकत्त्याच्या हायकोर्टाने रेजिना गुहा यांना नकार दिला. कायद्यात 'व्यक्ती' लिहिलंय, त्यात बाई येत नाही, असा त्याचा मतलब. १९२१ला अलाहाबाद हायकोर्टाने कॉर्नेलियांना सनद दिली, १९२३ला कायदा झाला आणि दार उघडलं. तोवर बाईंचं वय सत्तावन्नच्या घरात. १९५४ला त्या लंडनमध्ये वारल्या.

वकिलाच्या खुर्चीपासून न्यायाधीशाच्या खुर्चीपर्यंतचं अंतर तर आणखीच लांब. मुंबई हायकोर्ट १८६२चं. तिथे पहिल्या महिला न्यायमूर्ती आल्या १९७८ साली, सुजाता मनोहर. १९९४ला त्या तिथल्या मुख्य न्यायमूर्तीही झाल्या, मग सुप्रीम कोर्टात गेल्या. राजस्थानात बालविवाह रोखायला गेलेल्या भंवरीदेवीवर १९९२ला अत्याचार झाला, त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा प्रकरणाचा १९९७चा निकाल देणाऱ्या तिघा न्यायमूर्तींत त्या एक होत्या. आज आपल्या अंगणवाडीताईला, आशाताईला कामाच्या जागी कुणी त्रास दिला तर तक्रार करायला समिती आहे, तिचं मूळ त्या निकालात आहे.

सुप्रीम कोर्टातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती केरळच्या फातिमा बीवी, १९८९च्या. तेव्हा मी कॉलेजात होतो. पेपरातला त्यांचा डोक्यावर पदर घेतलेला फोटो अम्मीने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. अम्मीला मराठी वाचता येत होतं. नानीला नव्हतं.

नानीच्या पेटीत त्या खरेदीखताची नक्कल होती. शेवटी ओळ आहे, 'सदर दस्त वाचून दाखविला, मजकूर समजला व कबूल आहे.' त्याखाली अंगठा, आणि साक्षीदार म्हणून त्याच जाणत्या माणसाची सही. काही वर्षांपूर्वी मी तो कागद आमच्याकडच्या एका वकील ताईंना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. मग विचारलं, "वाचून कुणी दाखवला? आजींनी तुम्हाला कधी सांगितलं होतं का?" मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी कागदाची घडी घालून परत देत म्हणाल्या, "केस चांगली होती हो. पण मुदत केव्हाच संपली."