आतड्यांची स्वायत्त चाल



घास गिळणे माणसाच्या स्वाधीन असते. तो गळ्याखाली उतरला की त्याच्या पुढील प्रवासावर इच्छेची सत्ता चालत नाही. ती सत्ता आतड्याच्या भिंतीतच वसते. बाहेरून येणारे मज्जातंतू तोडले तरी आतडे अन्नगोळ्याच्या मागे आकुंचन पावते व पुढे सैलावते, हे 1899 साली लंडनच्या बेलिस व स्टार्लिंग यांनी दाखवून दिले.

स्नायूंच्या थरांमधील काही विशेष पेशी या हालचालीची लय धरतात. स्पेनचे शास्त्रज्ञ काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे वर्णन केले. त्यांचे कार्य मात्र 1990 नंतरच्या दशकात उंदरांवरील प्रयोगांनी स्पष्ट झाले. त्यांच्या विद्युत्‌लहरी जठरात मिनिटाला सुमारे 3, तर लहान आतड्याच्या आरंभी सुमारे 12 उठतात. कोणत्या लहरीचे आकुंचनात रूपांतर व्हावे, हे मुख्यत्वे भिंतीतील मज्जापेशींचे जाळे ठरविते.

हे जाळे काही बालकांत जन्मतःच अपुरे असते. अशा दोन अर्भकांचा विकार डेन्मार्कचे डॉक्टर हिर्शस्प्रुंग यांनी 1886 साली वर्णिला. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी नसल्याने तो भाग सैलावत नाही. मल मागे तुंबतो व पोट फुगते.

म्हणून जन्मानंतर 24 तास उलटूनही बालकाला पहिली काळपट शी झाली नाही, किंवा त्याला हिरवी उलटी झाली, तर घुटी-एरंडेलात वेळ न दवडता डॉक्टरांस दाखवावे. सदोष भाग शस्त्रक्रियेने काढता येतो; वेळीच झालेले निदान बालकाचे प्राण वाचविते.