मांजराची पेटी आणि घरांतील कुत्रा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजण हंसतील. ज्या जिल्ह्यांत कापसाचा भाव, पाऊसपाणी आणि मुलांच्या परीक्षा हेच बोलण्याचे नित्याचे विषय, तेथें एका सेवानिवृत्त शिक्षकानें मांजराच्या मलमूत्राची व्यवस्था सांगावी, हें थोडें चमत्कारिक खरेंच. परंतु ज्या घरीं मांजरही आहे आणि कुत्राही आहे, त्या घरच्या गृहिणीस विचारून पाहा. हा प्रश्न कितीदां भल्या पहाटे अंथरुणावरच येऊन उभा राहतो, तें ती सांगेल.

पूर्वीं हा प्रश्न नव्हता. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा अशा गांवांतून घरें कौलारू असत. मागें परसदार असे आणि परसांत पऱ्हाटीच्या राखेचा ढीग असे. मांजर कौलांवरून येई, कौलांवरून जाई, आणि आपला विधि राखेंत उरकून वर पंजानें राख लोटून टाकी. कुत्रा ओट्यापाशीं राही. दोघांच्या वाटा वेगळ्या आणि वेळाही वेगळ्या. आतां परसांत फरशी आली, कौलांच्या जागीं स्लॅब आला, पुष्कळ कुटुंबें वरच्या मजल्यावर राहावयास गेलीं, आणि दोन्ही जनावरें एकाच दिवाणखान्यांत नांदूं लागलीं. राखेच्या ढिगाची जागा एका पेटीनें घेतली. बाजारांत तीस लिटर बॉक्स म्हणतात. आपण तीस रेतीची पेटी म्हणूं. ही पेटी दुकानांतील रंगरूप पाहून निवडावयाची नसून घरांतील दोन्ही जनावरांचा स्वभाव पाहून निवडावयाची असते, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम मांजराचा स्वभाव पाहूं. आपल्या घरगुती मांजराचें मूळ आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रानमांजरांत आहे. तें स्वतः शिकारी खरें, पण मोठ्या जनावराची शिकार होण्याची भीतीही त्यास असे. मलविसर्जनाच्या वेळीं मांजर एका जागीं खिळलेलें असतें, त्यास चटकन् पळतां येत नाहीं. म्हणून त्यास दोन गोष्टी हव्या असतात: चहूंकडे नजर टाकतां यावी आणि निसटावयास वाट असावी.

आतां कुत्रा. तो हजारों वर्षें माणसाच्या वस्तीभोंवतीं उकिरडे हुंगीत आला आहे. मांजराच्या आहारांत प्रथिनें विपुल असतात. त्यांचा अंश आणि वास विष्ठेंत राहतो, आणि कुत्र्यास ती खाद्यवस्तु वाटते. आपण ज्यास ओंगळपणा म्हणतों, त्यास तो मेजवानी समजतो. त्यावरून त्यास मारझोड करण्यांत अर्थ नाहीं. पेटी त्याच्या तोंडापासून दूर ठेवणें हें आपलें काम आहे.

या दोन स्वभावांची गांठ पेटीपाशीं पडली म्हणजे काय होतें? एक तर मांजर पेटी सोडतें आणि गादी, कपड्यांची टोपली किंवा कपाटामागचा कोंपरा धरतें. त्यास आपण खोडकर ठरवितों. वस्तुतः तें भ्यालेलें असतें. याहून गंभीर गोष्ट बोक्यांची. भय आणि ताण यांमुळें मांजरांच्या मूत्राशयाचा विकार बळावतो, आणि बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळें तो कधीं कधीं पुरता तुंबतो. बोका पुनःपुन्हां पेटींत बसून कुंथत असेल आणि लघवी मुळींच होत नसेल, तर त्यास त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावा. एकदोन दिवसांचा विलंब त्याच्या जिवावर बेततो.

दुसरें संकट कुत्र्याचें. विष्ठेबरोबर जंत त्याच्या पोटांत जातात आणि पेटींतील मातीही जाते. या मातीची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९४७ सालीं अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत एडवर्ड लोव या गृहस्थानें, राखेनें भरलेल्या पावलांस कंटाळलेल्या एका शेजारणीस, वाळविलेल्या चिकणमातीचे दाणे दिले. त्यांतून पुढें एक मोठा धंदा उभा राहिला. हल्लीं ओल लागतांच गोळा होणारी जी माती विकतात, ती बेंटोनाइट होय. आपल्या देशांत ती कच्छ आणि बाडमेरकडे निघते. तिचा मुख्य घटक मॉन्टमोरिलोनाइट. नांव परकें वाटलें तरी वस्तु आपल्या पायांखालचीच आहे, कारण आपल्या काळ्या कापसाच्या जमिनींत याच जातीचें खनिज भरलेलें असतें. मृगाच्या पावसांत शेतांतून चालतांना पायांस जो मणभर चिखल चिकटतो, तो याच्याच गुणानें. हा गुण पेटींत सोयीचा, पण कुत्र्याच्या आंतड्यांत घातक. अशी माती फार पोटांत गेल्यास तेथें गोळा होऊन अडथळा होऊं शकतो. साधी रेतीही पोटांत जाणें बरें नव्हे. म्हणून नुसतें भरण बदलून भागत नाहीं. कुत्रा तेथवर पोंचतांच कामा नये.

मग पेटी कशी घ्यावी? पुष्कळांस वाटतें कीं, झांकणाची पेटी घेतली म्हणजे प्रश्न सुटला. परंतु तीस दार एकच असतें. मांजर आंत आणि कुत्रा दाराशीं, असें झालें म्हणजे ती पेटी नसून सांपळा झाला. शिवाय मोठा कुत्रा त्याच दारांतून तोंड आंत घालतो. वरून उतरण्याची पेटी लहान कुत्र्यांस दूर ठेवते, पण पिलांस, गाभण मांजरीस आणि सांधे धरलेल्या म्हाताऱ्या मांजरास ती जाचक होते. माझ्या मतें कुत्रा जाऊं न शकणाऱ्या जागीं ठेवलेली मोठी उघडी पेटी सर्वांत उत्तम. लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या अंतराच्या दीडपट असावी; मांजर १८ इंच असेल, तर पेटी २७ इंच. भरण सुमारें २ इंच खोल असावें आणि त्यास अत्तराचा वास नसावा. राख ओली झाली म्हणजे क्षारामुळें पंजांस झोंबते. त्यापेक्षां धुऊन वाळविलेली बारीक रेती बरी.

आतां जागा. लीळाचरित्रांत कुत्र्यांनीं पाठलाग केलेला ससा श्रीचक्रधरांच्या आश्रयास आल्याची लीळा आहे. घरच्या मांजरास असा आश्रय घराच्या रचनेंतच मिळाला पाहिजे. प्रत्येक वेळीं मध्यें पडावयास आपण तेथें नसतों. कुत्रा मोठा असेल, तर एखाद्या खोलीचें दार साखळी लावून ५-६ इंचच उघडें राहील असें करावें, आणि वाऱ्यानें तें मिटूं नये म्हणून खालीं लांकडाचा ठोकळा बसवावा. कुत्रा मांजराएवढाच असेल, तर पेटी ३ फूट उंचीच्या भक्कम मेजावर ठेवावी आणि चढावयास मध्यें एक पायरी द्यावी. पेटी अन्नपाण्याजवळ नसावी. गच्चीवरील पत्र्याखालीं तर मुळींच नसावी. आपल्याकडे वैशाखांत पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि तेथें मांजर फिरकत नाहीं. मांजरें जितकीं, त्यांहून एक पेटी अधिक असावी, आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणीं असाव्या. म्हणजे कुत्रा एकीपाशीं ठाण मांडून बसला तरी दुसरी मोकळी राहते.

शेवटीं स्वच्छता. विष्ठा दररोज, शक्यतों दोनदां, वेगळ्या ठेवलेल्या जुन्या झाऱ्यानें काढावी. मांजराच्या विष्ठेंतून कधीं कधीं टॉक्सोप्लाझ्मा नांवाचा सूक्ष्म जीव बाहेर पडतो. त्याचा शोध १९०८ सालीं लागला होता, पण त्यांतील मांजराचा भाग १९७० च्या सुमारास उलगडला. त्याच्या बीजांस रोगकारक व्हावयास निदान एक दिवस लागतो, म्हणून रोजची सफाई हाच मोठा बचाव आहे. गर्भवती स्त्रीनें हें काम घरांतील दुसऱ्यावर सोंपवावें, आणि ही घाण भाजीच्या वाफ्यांत कधींही टाकूं नये. पेटी साबणानें व ऊन पाण्यानें धुवावी. फिनाइल वापरूं नये, कारण त्यांतील द्रव्यें मांजरास विषारी असतात.

पेटी ठेवल्यावर आठवडाभर लांबून पाहत राहावें. मांजर सावकाश आंत गेलें, त्यानें उकरलें, झांकलें आणि न पळतां चालत बाहेर आलें, तर आपली निवड उत्तीर्ण झाली. तें उडी मारून पळत सुटलें, तर दोष मांजराचा नाहीं आणि कुत्र्याचाही नाहीं. पेटीची जागा बदलावी आणि परीक्षा पुन्हां घ्यावी.