राजवाड्यातले बिऱ्हाडकरू
(कोजागरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणावरून)

सेक्रेटरी म्हणाले, युरोप ट्रिपवर पाच मिनिटं बोला. बारा दिवसांच्या क्रूझचं पाच मिनिटांत काय सांगणार! म्हणून एकाच दिवसाचं सांगते, क्रोएशियातल्या स्प्लिटचं.

आम्ही चौघी होतो. मी, ए विंगमधल्या दोघी आणि बी विंगमधली आमची मैत्रीण. तिचं नाव घेत नाही, पहिल्या रांगेतून डोळे वटारते आहे. तिचे यजमान जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मुलगा म्हणत होता, फ्लॅट विकून बंगळुरूला ये. दलालाचे मेसेज जहाजावरही यायचे.

सकाळी जहाज लागलं, पाचच्या आत परत यायचं होतं. समुद्राला लागूनच राजवाडा. मी विचारलं, तिकीट कुठे काढायचं? तर आत शिरायला तिकीटच नाही, कारण आत लोक राहतात! रोमन सम्राट डायोक्लेशियनने निवृत्तीनंतरसाठी हा वाडा बांधला. इ.स. 305 मध्ये त्याने आपणहून गादी सोडली. पुढे त्याला परत बोलावायला माणसं आली, तर त्याने स्वतः लावलेल्या कोबीचं कौतुक सांगून त्यांना वाटेला लावलं म्हणतात. (आपल्याकडे सेक्रेटरीपद सोडायला नाही, घ्यायलाच आग्रह लागतो.)

सातव्या शतकात शेजारचं सलोना शहर हल्ल्यात पडलं. लोक जीव घेऊन या तटाच्या आत आले ते राहिलेच. दोन खांबांमध्ये भिंत घातली, झालं घर! कमानीत खिडकी, खिडकीबाहेर दोरीवर कपडे. चौकात इजिप्तहून आणलेला काळा स्फिंक्स आहे, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. सम्राटाने ख्रिश्चनांचा छळ केला, आणि आज त्याच्याच समाधीच्या इमारतीत कॅथेड्रल आहे. तेही त्याच्या राज्यात मारल्या गेलेल्या बिशपच्या नावाचं!

मला सर्वांत आवडली तळघरं. वरच्या बिऱ्हाडांनी शेकडो वर्षं जमिनीला भोकं पाडून कचरा खाली टाकला. तळघरं गच्च भरली, म्हणूनच टिकली. विसाव्या शतकात उपसली तेव्हा वरच्या पडून गेलेल्या दालनांचा आराखडा खाली जसाच्या तसा मिळाला. (म्हणून आपण ओला-सुका एकत्र टाकायला सुरुवात करू नये.)

साडेतीनला उत्तरेच्या दरवाजाबाहेर बिशप ग्रेगरीच्या उंच पुतळ्याशी आलो. त्याच्या पायाचा अंगठा चोळला की नशीब उघडतं म्हणतात, लोकांनी चोळून चोळून तो चकचकीत केलाय. आम्ही तिघींनी चोळला. तिघींनी! चौथी कुठाय? फोन लागेना. पोटात गोळाच आला. त्या बोळांतून दोनदा फिरलो, एक तर तिथे सगळे बोळ सारखेच दिसतात.

सापडली एका अंगणात. पायरीवर एका आजींशेजारी बसून शेंगा सोलत होती. आजींना इंग्रजी येईना, हिला त्यांची भाषा. आजींनी वरची खिडकी दाखवली, मग एक बोट वर केलं. म्हणजे एकटीच. हिनेही एक बोट वर केलं. निघताना आजींनी मूठभर दाणे रुमालात बांधून दिले.

धापा टाकत जहाज गाठलं. रात्री ती डेकवर जाऊन दलालाशी बोलली. काय बोलली ते आम्ही विचारलं नाही.

बी विंगच्या जिन्यात पाणी गळतंय म्हणून तिने परवाच कमिटीला पत्र दिलंय. तेवढं बघा, सेक्रेटरीसाहेब.