विक्रांतची तार

(गणेशोत्सवात कोपर्निकस मार्गावरील जुन्या महाराष्ट्र सदनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण जमलो आहोत त्या रस्त्याला कोपर्निकसचे नाव आहे. पायाखालची पृथ्वी फिरते, असे सांगणारा हा माणूस. मला ते पटवून द्यावे लागले नाही, कारण ऐन उमेदीची वर्षे मी हलत्या जमिनीवरच काढली. १९७५ साली मी विमानवाहू ‘विक्रांत’वर रुजू झालो. काम होते डेकवरच्या अरेस्टर वायरचे.

ही वायर म्हणजे डेकवर आडवी ताणलेली पोलादी तार. विमान ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने येते, त्याच्या शेपटाचा हुक तारेत अडकतो आणि विमान थोडक्या अंतरात थांबते. कल्पना जुनी आहे. १८ जानेवारी १९११ रोजी यूजीन एली हा अमेरिकन वैमानिक सॅन फ्रान्सिस्कोजवळ नांगरलेल्या युद्धनौकेवर उतरला, तेव्हा आडव्या दोरांच्या टोकांना चक्क वाळूची पोती बांधली होती!

आपल्याकडे हा मान लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांचा. १८ मे १९६१ रोजी सी-हॉक विमान घेऊन विक्रांतवर उतरणारे ते पहिले भारतीय वैमानिक. जहाज तेव्हा मुंबईला पोचलेही नव्हते. ते आले नोव्हेंबरात. पुढे १९८४ ते १९८७ ताहिलियानी नौदलप्रमुख होते. आम्ही डेकवरची पोरे त्यांचा किस्सा एकमेकांना सांगत असू, आणि तार तपासताना हात आपोआप सावध होई. एक धागा तुटलेला नजरेतून सुटला, तर वर येणाऱ्याचे काय, हे सगळ्यांना माहीत होते.

३१ जानेवारी १९९७ रोजी विक्रांत निवृत्त झाली. नंतर मुंबईत तिचे संग्रहालय झाले, लोक डेकवर फिरू लागले. सौ. मला म्हणायची, “अहो, तुमची ती तार एकदा दाखवा ना!” मी म्हणे, “पुढच्या सुटीत.” दिल्लीहून मुंबईला जाणे दरवर्षी होई, कधी लग्नकार्य, कधी गावचा गणपती. जहाज कुठे जाते आहे, असे वाटे. २०१२ मध्ये संग्रहालय बंद झाले. २०१४ च्या अखेरीस दारूखान्यात जहाज तोडायला घेतले. त्याआधीच्या वर्षी ती गेली होती.

२५ जानेवारी २०१६ रोजी मुंबईत नौदल गोदीच्या लायन गेटसमोर विक्रांतच्याच धातूचे स्मारक उभे राहिले. शिल्पकार अर्झान खंबाटा. मी गेलो, तर भोवती वाहनांची वर्दळ. दोनशे तेरा मीटरच्या जहाजातले एवढेच उरले! आधी राग आला. मग शेजारी उभ्या एका शाळकरी मुलाने विचारले, “काका, हे काय आहे?” मी सांगू लागलो, आणि सिग्नल चार वेळा बदलला तरी तो हलला नाही. तेव्हा कळले, स्मारक एकटे काही बोलत नाही. शेजारी सांगणारा माणूस लागतो.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नवी विक्रांत नौदलात दाखल झाली. आनंद आहेच. पण आज माझे मागणे साधे आहे. इथून पायी जाण्याच्या अंतरावर, इंडिया गेटजवळ, २०१९ साली खुले झालेले राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. तिथे ग्रॅनाइटवर हजारो हुतात्म्यांची नावे कोरली आहेत. पाहुण्यांना गाडीतून लांबून दाखवू नका. मुलांना घेऊन आत जा, नावे मोठ्याने वाचा. गोव्याला जाल तेव्हा दाबोळीजवळचे नौदलाचे विमान संग्रहालयही पाहा. माझ्या वेळचे सी-हॉक तिथे उभे आहे.

आणि घरातले कोणी “एकदा दाखवा ना” म्हणाले, तर पुढच्या सुटीवर ढकलू नका. एवढेच सांगायचे होते.

गणपती बाप्पा मोरया! जय हिंद, जय महाराष्ट्र!