घराचा पाया आणि झाडाची मुळे
(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी काही व्याख्याता नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो. पूल, क्वार्टर आणि नाल्यांच्या देखभालीतच नोकरी चालली आहे. पण ब्राह्मणपाऱ्यात जुनी घरे आणि जुनी झाडे शेजारी-शेजारी असल्यामुळे "फरशी उचलली, कडुलिंब तोडू का?" असे दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतेच.

माझे पहिले उत्तर असते, आधी प्लंबरला बोलवा. मूळ धडधाकट पाइप फोडत नाही. जुन्या पाइपाचा सांधा झिरपू लागला की केसासारखे मूळ आत शिरते आणि तिथेच जाड होते. गळती तशीच ठेवून मुळे छाटली, तर ती पुन्हा येणारच.

फरशीचे वेगळे. बरीचशी मुळे वरच्या दोन-तीन फुटांतच पसरतात. जाड होताना फरशी उचलतात. तिथे सिमेंट ओतू नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते, ते उगीच नाही. खोडाभोवती माती मोकळी ठेवा, पुढे वाळूवर पेव्हर ब्लॉक बसवा. उचलले तर काढून पुन्हा बसवता येतात.

मूळ तोडणे भागच असेल तर खोडाच्या व्यासाच्या तिपटीहून जवळ तोडू नका. पाच-सहा पट अंतर सोडले तर उत्तम. जवळची जाड मुळे गेली की वादळात झाड घरावरच येईल.

भिंतीच्या भेगांना मात्र घाई नको. आपल्याकडची काळी कन्हार माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. झाड पाणी ओढते तेव्हा ती आणखी आकसते, पाया खचतो. मग झाडच तोडले तर? वर्षानुवर्षे कोरडी राहिलेली माती फुगून पाया वर उचलू शकते. म्हणून आम्ही भेगेवर काचेची पट्टी बसवून तारीख लिहितो. पट्टी तडकली तर भेग हलते आहे. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहावा, आणि मगच नगर निगमकडे परवानगीचा अर्ज.

दया दाखवू नये ती भिंतीतल्या पिंपळाला. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडते, चुन्याच्या सांध्यात रुजते. रेल्वेच्या दगडी पुलांवरही आम्हाला हीच डोकेदुखी. पिंपळ उपटायला घरातली वडीलधारी मंडळी कचरतात, ते मी समजू शकतो. पण बोटभर असतानाच मुळासकट काढा, कुंडीत लावा, पुढे तलावाकाठी द्या. पाप लागणार नाही. मनगटाएवढा झाला की भिंत उकलावी लागते. विसर्जन आटोपले, पाऊस ओसरला की एकदा गच्चीवर जाऊन कठड्याच्या मागची बाजू पाहा. ती खालून दिसत नाही.